डूगीला हवे होते तीन कोरडे दिवस

डूगी रॅन्किनला बसणं म्हणून कधी जमलंच नाही. जेवताना त्याचा एक पाय टेबलाच्या बाहेर असे, आणि चर्चमध्ये तो शेवटच्या बाकामागे भिंतीला पाठ लावून उभा राही. पंचेचाळीस वर्षं त्याने आमच्या ओवाका गावाच्या आसपास, समुद्रापासून डोंगरापर्यंत, मेंढ्यांच्या कुरणांना तारेची कुंपणं घातली. "कुंपण म्हणजे चालणं," तो म्हणायचा. "एक खांब रोवला की पुढचा बोलावतोच." एकाहत्तराव्या वर्षी त्याने काम सोडलं, म्हणजे हत्यारं गाडीतून काढून शेडमध्ये ठेवली. पायाची भिंगरी काही शेडमध्ये ठेवता आली नाही.

त्याची बायको नायरी नेमकी उलट. तीस वर्षं ती गावच्या वाचनालयात टेबलामागे बसली होती आणि बसण्यात तिचा हात कुणी धरला नसता. सकाळी चहाचा मग, एक शब्दकोडं आणि मागच्या दाराबाहेरचा लाकडी डेक, एवढ्यावर तिचे दोन तास सहज जात. डेक तिच्यासाठीच झाला होता. नदीवरचा जुना लाकडी पूल पाडला तेव्हा त्याच्या जारा लाकडाच्या फळ्या डूगीने मागून आणल्या, कापल्या, रंधा मारला आणि मागच्या दारापासून लांब पातीच्या झुडपांपर्यंत डेक बांधला. लाकूड तांबडं, लोखंडासारखं जड. ह्या फळ्यांवरून शंभर वर्षं मेंढ्यांचे कळप, दुधाच्या गाड्या आणि लग्नाची वऱ्हाडं गेली होती. आता नायरीची खुर्ची आणि एक उद्धट तुई पक्षी, एवढाच भार त्यांच्यावर.

पृथ्वीच्या ह्या दक्षिण टोकाला थंडी जूनमध्ये लागते, म्हणून डूगी एप्रिलमध्येच कामाला लागायचा. आधी कुंड्या उचलायच्या, कारण कुंडीखाली ओल धरते. मग टोक वाकवलेल्या जेवणाच्या सुरीने दोन फळ्यांमधल्या फटी कोरून कुजलेला पाला काढायचा, म्हणजे पाणी खाली जातं आणि वारा वर येतो. मग गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि ताठ केसांचा ब्रश. धुऊन झालं की लाकूड वाळू द्यायचं आणि वाळलं की जवसाच्या तेलात टर्पेंटाइन मिसळून पातळ हात द्यायचा, लाकडाच्या रेषेरेषेने, आणि जादाचं तेल फडक्याने पुसून काढायचं. शेवटी पायऱ्यांवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ठोकायची, बुटाला पकड मिळावी म्हणून. तीस वर्षांत त्याने एकदाही हे चुकवलं नव्हतं.

गेल्या वर्षी चुकवलं.

गेल्या एप्रिलमध्ये पूर आला आणि त्याचा जुना दोस्त लेक्स ह्याच्या कुरणाची चार मैल कुंपणं वाहून गेली. लेक्सने फोन केला, "डूगी, नुसता येऊन बघशील का?" डूगी बघायला गेला आणि नऊ आठवडे तिथेच राबला. रोज पहाटे जायचा, अंधार पडता यायचा, आणि खूश असायचा. डेककडे नजर गेली की म्हणायचा, "पुढच्या आठवड्यात." नायरीने कधी आठवण करून दिली नाही. जूनच्या एकोणीस तारखेला, सकाळी पावणेआठला, ती पक्ष्यांना पावाचे तुकडे टाकायला बाहेर गेली आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं. पावणेदोन तास ती तिथेच पडून होती. शाळेची बस चालवणारी शेजारीण हुइया मुलांना सोडून परत आली, तेव्हा तिला कुंपणावरून नायरीचा निळा झगा दिसला.

डूगीला निरोप मिळाला तेव्हा त्याच्या हातात ताणलेली तार होती. ती सोडताना तिने त्याच्या हनुवटीवर एक रेघ ओढली. ती अजून दिसते.

दुसऱ्या दिवशी, नायरीचं ऑपरेशन झाल्यावर, तो कपडे न्यायला घरी आला. मागच्या दारातून बाहेर वाकला आणि फळीवरून अंगठ्याचं नख ओढलं. नखात हिरवं शेवाळ आलं. त्याने ते बेसिनवर धुतलं, परत धुतलं.

नायरी सहा आठवड्यांनी घरी आली. पुढे वॉकर, मागे डूगी. ती स्वयंपाकघरात गेली की हा मागे, न्हाणीघरात गेली की हा दाराबाहेर खोकत उभा. ती डेकवर मात्र गेली नाही. जाणार कशी? काचेच्या सरकत्या दाराला डूगीने सरपणाची मोठी पेटी लावून ठेवली होती. पेटी आली त्या दिवशी नायरी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग वॉकर वळवून परत खुर्चीत जाऊन बसली. डूगीने मनाशी धरलं, घाबरली आहे बिचारी.

आणि त्याने ठरवलं की ह्या वर्षी डेक असा करायचा की पाण्याचा थेंब त्यावर ठरता कामा नये आणि हिवाला, रात्री गोठणाऱ्या दवाला, बोट टेकायला जागा मिळता कामा नये.

तो एप्रिलपर्यंत थांबलाच नाही. मार्चमध्येच त्याने गवताच्या गंजीवर घालतात ती मोठी निळी ताडपत्री आणून अख्ख्या डेकवर अंथरली, कडेने दगड ठेवले. म्हणजे धुवायच्या आधीच लाकूड कोरडं राहील, असा हिशेब. दोन आठवड्यांनी ताडपत्री उचलली तर खालून कोंदट वास आला. फळ्या ओल्याचिंब होत्या आणि त्यांवर जेलीसारखा थर माजला होता.

हुइया कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती. तिने मान उंचावून बघितलं आणि तोंडातला चिमटा काढला. "अरे वा डूगी! शेवाळाची लागवड का? विकणार आहेस की घरच्यापुरतंच?"

"तुझी बस बघ तू."

"माझी बस वारा खाते, म्हणून टिकलीय. तू लाकडाला रजईत गुंडाळलंस. घामेजणारच की ते! तीस वर्षं हेच केलंस ना रे तू? एवढं तर तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

कळत होतं. म्हणूनच तर तो चिडला. हाताने करायचं काम तो आता छातीतल्या धडधडीने करत होता आणि धडधडीला अक्कल नसते.

मग तीन दिवस तो गुडघ्यांवर होता. सोड्याचं पाणी करायचा, घासायचा, ओतायचा. एकदा घासून झालेल्या फळीवर तो परत जायचा, बोट फिरवायचा, बोट हुंगायचा आणि परत घासायचा. आतून काचेपलीकडे नायरी बसलेली असे. कधी ती काचेवर टकटक करून चहाचा मग उंचावायची, झालाय म्हणून. तो हात हलवायचा, येतो. चहा निवायचा. चौथ्या दिवशी डेक घासून घासून फिका पडला, कुठे कुठे लाकडाचे तंतू उभे राहिले. एवढं घासायची गरजच नव्हती.

आता हवे होते तीन कोरडे दिवस. दोन वाळायला आणि एक तेलाला, आणि तेलाच्या दिवशी हवेत थोडी तरी ऊब. ओल्या लाकडाला तेल पाजलं तर ओल आतच कोंडते, हे डूगीला झोपेतही सांगता आलं असतं. पण आमच्याकडे एप्रिलमध्ये सलग तीन कोरडे दिवस मागणं म्हणजे मेंढीकडे अंडं मागणं. दक्षिणेचा वारा एकदा बर्फाकडून सुटला की एक दिवस पाऊस, एक दिवस उघडीप, परत पाऊस.

डूगी उजाडायच्या आत उठून अंगणात उभा राहायचा, तोंड वर करून. रेडिओवरचा हवामानाचा अंदाज तो दिवसातून पाच वेळा ऐकायचा आणि पाचही वेळा त्या बाईशी भांडायचा. "सरी म्हणे! सरी! सरळ सांग ना पाऊस!" मग तो बोट पाण्यात बुडवून फळीवर एक थेंब सोडायचा आणि वाकून बघत राहायचा. थेंब मुरला तर लाकूड वाळलं; थेंब तसाच बसून राहिला तर नाही. थेंब बसून राहायचा, मण्यासारखा. डूगी घरात यायचा, घड्याळ बघायचा, परत बाहेर जायचा.

"डूगी," नायरी म्हणाली, "दारं उघडून उघडून सगळी ऊब घालवलीस. बस ना जरा."

"बसतो. एकच थेंब बघून येतो."

"तो मघाचाच थेंब असेल."

दर गुरुवारी बालक्लथाहून फिजिओबाई येत. त्या दिवशी त्या डूगीलाच म्हणाल्या, "मिस्टर रॅन्किन, ह्यांचे पाय आता माझ्यापेक्षा बरे आहेत. ह्यांना बाहेर चालू द्या. रोज दहा मिनिटं. ती पेटी कशाला तिथे?"

"डेक झाला की काढतो."

"कधी होणार?"

"तीन कोरडे दिवस मिळाले की."

बाईंनी नायरीकडे पाहिलं. नायरीने शब्दकोड्यात एक शब्द भरला.

रविवारी मुलीचा फोन यायचा. कर्स्टी इन्व्हरकार्गिलला राहायची, दोघांची एकुलती एक, बापासारखीच घाईची. "बाबा, मी ती म्हाताऱ्या माणसांसाठीची घरं बघून आले. एकमजली, दाराला उतार, हाक मारली तर माणूस येतं. आणि ओल्या फळ्या नाहीत. तुम्ही तो डेक काढून का टाकत नाही? सिमेंट घाला, सुटा."

"आईशी बोल," म्हणून डूगीने फोन पुढे केला.

नायरीने फोन कानाला लावला आणि हवापाण्याबद्दल बोलली. त्या घरांचा विषय आला तसा तिने म्हटलं, "बटाटे उतू जातायत," आणि फोन ठेवला. चुलीवर काहीच नव्हतं.

पुढचे आठ दिवस पाऊस पडला, सलग. डूगीने सुऱ्यांना धार लावली, शेडमधले खिळे लांबीप्रमाणे लावले, मग जाडीप्रमाणे लावले. गुडघे दुखत होते, डावा खांदा वर जात नव्हता. आठव्या दिवशी पाऊस जरा थांबला आणि तो बाहेर आला, तर घासलेल्या फळ्यांवर, अगदी दाराजवळ, जिथे नायरी पडली होती तिथेच, परत एक हिरवट झाक. असेल की नसेल इतकीच. पण डूगीला ती दिसली आणि त्याच्या डोक्यात काहीतरी तुटलं.

तो शेडमध्ये गेला आणि पहार घेऊन आला. पहिल्या फळीखाली पहार सरकवली आणि अंगाचा भार टाकला. तीस वर्षांचे खिळे करकरत वर आले. फळी निघाली. त्याने ती अंगणात भिरकावली. दुसरी निघायला वेळ लागला, तिच्याशी तो बोलत होता. "नीघ. नीघ म्हणतो ना."

काचेवर काठी आपटली. त्याने वर पाहिलं नाही. परत आपटली, जोरात. तो तिसऱ्या फळीकडे वळला. मग आपटणं थांबलं, आणि थोड्या वेळाने त्याच्या मागून आवाज आला.

"ठेव ती पहार."

नायरी पुढच्या दाराने बाहेर पडून, घराला वळसा घालून, ओल्या गवतातून वॉकर ढकलत आली होती. पायांत घरातल्या सपाता. त्या चिखलाने भरल्या होत्या. दहा महिन्यांत पहिल्यांदा ती एकटी घराबाहेर आली होती.

डूगी वळला. "थांब! तिथेच थांब! हलू नकोस, निसरडं आहे, मी येतो..."

"तू येऊ नकोस. तूच हलू नकोस." तिने वॉकर गवतात सोडला, कठडा धरला आणि पायऱ्या चढली. एक, दोन, तीन. डूगी दोन्ही हात पुढे करून उभा राहिला, ओरडावं की धरावं हे न कळून. ती येऊन आपल्या जुन्या जागी उभी राहिली, काढलेल्या फळ्यांच्या भोकापासून हातभर अंतरावर.

"निसरडं नव्हतं, डूगी."

"काय?"

"त्या दिवशी. कोरडं होतं. रात्रभर वारा होता, हिंव पडलंच नव्हतं. गाल टेकून पावणेदोन तास पडले होते मी ह्याच्यावर. बिस्किटासारखं कोरडं होतं."

"शेवाळ होतं. मी बघितलं, माझ्या नखात..."

"असेल कडेला कुठेतरी. मी घसरले नाही. मला घेरी आली. डोळ्यांपुढे काळं झालं आणि मग फळी दिसली, एवढ्या जवळून." तिने तळहात नाकाशी धरून दाखवला. "ती पहिली घेरी नव्हती."

डूगीच्या हातातली पहार खाली आली. नायरीच बोलत राहिली, भरभर. एवढं भरभर बोलताना त्याने तिला कधी ऐकलं नव्हतं. मे महिन्यात दोनदा घेरी येऊन गेली होती. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं कशा पडलात, तर मी म्हटलं, घसरले. तू लगेच म्हणालास, माझ्यामुळे, मी डेक घासला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मला काही सांगावंच लागलं नाही. घेरी म्हटलं असतं तर कर्स्टी दुसऱ्या दिवशी ट्रक घेऊन आली असती. मला त्या उताराच्या घरात बसवलं असतं, हाक मारली की माणूस येतं तिथे. मला इथे बसायचंय.

"दहा महिने," डूगी म्हणाला. "दहा महिने मी... तू त्या खिडकीत बसून बघत होतीस. मी गुडघ्यांवर होतो, आणि तू बघत होतीस!"

"हो."

"बोलली का नाहीस?"

"आधी भीतीने. मग लाजेने." मग तिच्या तोंडून ते निघालंच, "आणि तुला काम मिळालं होतं, डूगी. काम नसतं तर तू काय केलं असतंस? तू दोष असा उचललास की जणू कुणीतरी तुला नवं कुंपण घालायला दिलंय."

हे त्याला लागलं. त्याने पहार भोकाशेजारी ठेवली, तिला हात धरून पुढच्या दाराने आत नेलं, खुर्चीत बसवलं, चिखलाच्या सपाता काढल्या, पायांवर गोधडी घातली. मग टोपी घातली आणि निघून गेला.

तो खाडीच्या रस्त्याने चालत सुटला. पाऊस परत सुरू झाला होता. दहा महिन्यांत त्याने ज्या ज्या गोष्टी स्वतःला सुनावल्या होत्या त्या आता सुनावायला कुणी उरलं नव्हतं, आणि नायरीला सुनावाव्यात तर ती चिखलाच्या सपातांत उभी दिसायची. रागाला जागा सापडेना. तो मैलभर गेला, मग अजून मैलभर. मागून हॉर्न वाजला. हुइयाची रिकामी बस.

"चढ," हुइया म्हणाली. "भिजलेल्या बोकडासारखा दिसतोयस."

तो चढला आणि दांडा धरून उभा राहिला.

"सीटं आहेत चाळीस."

"हुइया, तू तिला बघितलंस त्या दिवशी. डेक ओला होता?"

हुइयाने वायपरचा वेग वाढवला. "मी तिच्याशेजारी गुडघे टेकून बसले होते अर्धा तास. माझी पँट कोरडी होती."

"मग तूही बोलली नाहीस!"

"विचारलंस कधी? तू इस्पितळात आलास तोच स्वतःला शिव्या देत. मी म्हणायला गेले की डूगी, ऐक. तर तू म्हणालास समजूत घालू नकोस. मग नाही घातली." तिने गिअर बदलला. "घेरी का?"

"तुला माहीत होतं?"

"मला काय माहीत असणार? पण घसरलेली बाई पडताना हात पुढे करते. तिचे तळहात खरचटले नव्हते. बाकीचं तुमचं घरातलं."

घरापाशी त्याला उतरवताना ती म्हणाली, "आत जाऊन ओरडणार असशील तर आधी कपडे बदल. ओल्या माणसाचं ओरडणं कुणी मनावर घेत नाही."

तो ओरडला नाही. कपडे बदलून तो नायरीच्या खुर्चीपुढे उभा राहिला. "किती वेळा?"

"सहा. नाही, सात."

"पडल्यानंतर?"

"चार." तिने शब्दकोड्याची घडी केली. "पडायच्या आधी एकदा गाडी चालवताना. टेकडीच्या वळणावर. मी गाडी कडेला घेतली आणि रेडिओ ऐकत बसून राहिले."

हे ऐकून तो मटकन त्या सरपणाच्या पेटीवरच बसला. टेकडीच्या वळणाखाली सरळ समुद्र आहे.

सोमवारी दोघं डॉक्टरांकडे गेली. त्यांनी नायरीच्या छातीला तारा लावून एक छोटं यंत्र दोन दिवस गळ्यात दिलं, आणि त्यावरून कळलं की तिचं हृदय मधूनच चार-पाच सेकंद थांबून विचार करतं. "पेसमेकर," डॉक्टर म्हणाले. "काडेपेटीएवढा. डनिडिनला जावं लागेल. तोवर गाडी नाही."

कर्स्टी डनिडिनला येऊन थडकली आणि इस्पितळाच्या जेवणघरात चीज रोल पुढ्यात ठेवून दोघांवर अशी बरसली की शेजारच्या टेबलावरचे लोक उठून गेले. "तू लपवलंस! आणि बाबा, तुम्हाला दिसलं नाही! एका घरात राहता की दोन?" नायरीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरोबर आहे तुझं. पण मी तिथे राहायला येणार नाही. हे तुला वर्षापूर्वीच सांगायला हवं होतं, पडायच्या आधी, उभ्याने." मग कर्स्टी रडली, आणि रडता रडता तिने चीज रोल खाल्ला.

पेसमेकर बसवल्यावर नायरीला पाच दिवस ठेवून घेतलं. आणि त्या पाच दिवसांत, मे महिन्याच्या मध्यात, असं ऊन पडलं की विचारू नका. आकाश धुतल्यासारखं, वारा उत्तरेचा. डूगी चौथ्या मजल्याच्या खिडकीशी उभा राहून ते ऊन बघायचा आणि त्याचे पाय जागच्या जागी चालायचे. एक दिवस. दोन. तीन. लाकूड आता वाळलं असणार, थेंब टाकला तर लगेच मुरला असता, डबा शेडमध्ये तयार होता. नायरीने पलंगावरून त्याची पाठ बघितली. "जायचं तर जा. हुइया आहे, बसने सोडेल. एका दिवसाचं काम."

"नाही." तो वळला, पलंगाला एक फेरी मारली, परत खिडकीशी गेला. "पण काय ऊन आहे, नायरी! कुणाच्या बापाचं ऐकत नाही बघ ऊन."

ते घरी आले त्या संध्याकाळी दक्षिणेचा वारा सुटला आणि दुसऱ्या दिवसापासून पाऊस. तेल राहिलंच. डूगीने उपटलेल्या दोन फळ्या परत बसवल्या, नवे खिळे मारले. मग दारापासून खुर्चीपर्यंत आणि खुर्चीपासून पायऱ्यांपर्यंत जाळीची एक वाट ठोकली, घट्ट, एकही टोक वर येणार नाही अशी. बाकीच्या फटी तेवढ्या सुरीने मोकळ्या केल्या. पेटी उचलून चुलीशेजारी नेली. जूनमध्ये हिंव पडलं, जुलैत दोनदा बर्फ. बर्फ तो प्लास्टिकच्या फावड्याने ओढायचा, लोखंडाच्या फावड्याने लाकूड सोलतं म्हणून. फळ्या करड्या पडल्या, एकीला कडेने चीर गेली. नायरी वाटेवरून काठी टेकत जायची, कोट घालून बसायची, आणि तुई येऊन तिच्यावर खेकसायचा.

हिवाळा सरत आला तेव्हा त्यांनी एक नियम केला. केला नायरीने. सकाळी लापशी पुढ्यात आली की डूगी विचारायचा, "काल?" आणि ती खरं सांगायची. काही नाही. किंवा, जिना उतरताना जरा गरगरलं, मग थांबले. आठवडाभर असं झाल्यावर तिने चमचा खाली ठेवला. "आणि तुझं?"

"माझं काय?"

"तेच विचारतेय."

डूगीने खिडकीबाहेर पाहिलं. मग पातेल्याकडे. "खांदा," तो म्हणाला. "डावा. वर जात नाही."

"कधीपासून?"

"एप्रिल."

"एप्रिल!"

"घासताना काहीतरी कटकन वाजलं."

"चार महिने दुखतंय, आणि एका हाताने बर्फ ओढलास तू?" नायरी उठली, फोनपर्यंत गेली आणि तिथूनच दवाखान्याचा नंबर फिरवू लागली. "आणि मला म्हणत होतास, बोलली का नाहीस!"

"ते वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?"

तो उठला, टोपी शोधू लागला, उजव्या हाताने. डॉक्टरांनी त्याच दिवशी दुपारी बोलावलं, खांदा वरखाली करून बघितला आणि सांगितलं की स्नायू फाटलाय, सहा आठवडे ब्रश, फावडं, पहार काहीही हातात धरायचं नाही. "सहा आठवडे?" डूगी म्हणाला. "म्हणजे सप्टेंबर! सप्टेंबरात मला तेल द्यायचंय!"

"तेल लेक्स देईल," नायरी म्हणाली. "त्याची कुंपणं तू उभी केलीस, तो एक डेक करील. तू खुर्चीवरून सांग त्याला."

"लेक्स? तो रेषेच्या आडवा ब्रश मारतो!"

"मग तेही सांग," ती म्हणाली, आणि त्याचा कोट त्याच्या चांगल्या खांद्यावर टाकला.